फोटो काढलास, पण दिलास का?

हॉस्टेलवाल्यांना पुणं किती माहीत असतं? स्टेशन, कॉलेज, एफ. सी. रोड आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. बस्स! माझंही तसंच होतं. मग कॅमेरा हातात आला आणि रविवारी सकाळी पेठांमधून पायी फिरायचा नाद लागला. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर... देवांनाही टोपणनावं ठेवणारं गाव चालतच बघायला हवं!

पण आज मला वेगळंच बोलायचंय.

१८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळला. उरलेल्या तटाचे फोटो आपण सगळेच काढतो. दगड काही बोलत नाहीत. तिथून थोडं चाललं की कसबा पेठेत तांबट आळी लागते. तिथली माणसं मात्र बोलतात.

एका दारात उभं राहून मी न विचारताच चार-पाच फोटो काढले. आत एक काका हंड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत होते. मान वर न करता म्हणाले, "काढ पोरी, काढ. दर रविवारी कोणी ना कोणी काढतं. आणून मात्र एकानेही दिला नाही."

लाज वाटली. कॅमेरा पिशवीत घातला आणि उंबऱ्यापाशी बसले. काकांनी सांगितलं, या ठोक्यांना मठारकाम म्हणतात. ठोकून तांबं कडक होतं. फारच ठोकलं तर चिरतं, म्हणून मध्ये भट्टीत तापवून मऊ करायचं. अहो, हे तर आमचं वर्क हार्डनिंग आणि अनीलिंग! सेकंड इयरला दोन्हीच्या व्याख्या इंग्रजीत पाठ करून मी मार्क मिळवले होते. 'मठार' हा शब्द मात्र काकांना दोनदा सांगावा लागला. कॉन्व्हेंटची कृपा!

माझी रूममेट म्हणते, विचारलं की माणूस पोझ देतो आणि फोटोतला जीव जातो. यात तथ्य आहे. माझेही विचारून काढलेले दोन फोटो पासपोर्टसारखे आले. पण त्यावर उपाय सोपा आहे. थांबायचं. अर्ध्या तासाने माणूस कॅमेरा विसरतो आणि कामाला लागतो. घाई आपल्याला असते.

आणि फोटोला नाव काय देतो आपण? 'मरणारी कला'! ज्याचं घर त्या कलेवर चालतं, त्याने ते प्रदर्शनात येऊन वाचलं तर त्याला काय वाटेल?

पुढच्या रविवारी प्रिंट घेऊन गेले. काकांनी ती उजेडात धरून नीट पाहिली आणि म्हणाले, "हात हललाय तुझा. परत काढ."

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, भरपूर चाला, भरपूर फोटो काढा. पण ज्या दारातून फोटो आणलात, त्या दारात एकदा परत जा. बघा पटतंय का!