अग्निशमन जवानाच्या देहाचा ताळेबंद

अग्निशमन दलातील जवानाचा मोठा शत्रू म्हणजे ज्वाळा, असा सर्वसाधारण समज आहे. नोंदी मात्र निराळे सांगतात. अमेरिकेत कर्तव्यावर असताना मृत्यू पावणाऱ्या जवानांपैकी सुमारे ४५ टक्के जवान हृदयविकाराने जातात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांच्या कामाचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो. परंतु हृदयविकाराच्या या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच अल्प वेळात ओढवतात.

याचे कारण कामाच्या स्वरूपातच आहे. गाढ झोपेत असताना घंटा वाजते आणि विश्रांतीत असलेले हृदय क्षणार्धात धावू लागते. संरक्षक पोशाख, बूट, शिरस्त्राण आणि श्वसनयंत्र मिळून वीस किलोंहून अधिक ओझे अंगावर चढते. हा जाड पोशाख बाहेरची उष्णता अडवतो, तशीच शरीराची उष्णताही आत कोंडून ठेवतो. घाम येतो, पण तो वाळत नाही. शरीरातील पाणी घटते, रक्त दाट होते आणि हृदयावरील ताण वाढत जातो. मुळात रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर हाच ताण प्राणघातक ठरतो. त्यात रात्रपाळी, अपुरी झोप आणि वेळी-अवेळी जेवण यांची भर पडते.

भरतीच्या वेळी उमेदवाराची क्षमता कसून पाहिली जाते. अमेरिका व कॅनडात प्रचलित असलेल्या एका चाचणीत ५० पौंडांचे, म्हणजे सुमारे २३ किलोंचे जाकीट घालून आठ कामे १० मिनिटे २० सेकंदांत पूर्ण करावी लागतात. जिना चढण्याच्या टप्प्यात आणखी २५ पौंड खांद्यावर येतात. पुढे पाण्याची नळी ओढणे, शिडी उभारणे, दार फोडणे, अंधाऱ्या मार्गात शोध घेणे आणि माणसाच्या वजनाचा पुतळा ओढून नेणे अशी परीक्षा होते. परंतु विशीतील हे बळ पन्नाशीपर्यंत आपोआप टिकत नाही. व्यापारी यंत्राचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो. देहाचा घसारा मात्र बहुधा कोणीच मांडत नाही.

हा हिशेब मांडण्याचा मोठा प्रयत्न १९९७ साली झाला. जवानांची संघटना आणि दलप्रमुखांची संघटना यांनी अमेरिका व कॅनडातील दहा दलांना सोबत घेऊन एक आरोग्य उपक्रम आखला. वैद्यकीय तपासणी, व्यायाम, दुखापतीनंतरचे पुनर्वसन, मानसिक आरोग्य आणि नोंदींचे संकलन ही त्याची अंगे होत. त्याचे मर्म एका तत्त्वात आहे : तपासणीचा अहवाल गोपनीय राहावा आणि तो शिक्षेचे साधन होऊ नये. नोकरी जाईल या धास्तीने मनुष्य छातीतील कळ लपवतो. उपचार मिळतील अशी खात्री असली, तर तो ती वेळीच बोलून दाखवतो.

धोका केवळ हृदयाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांत केला. म्हणूनच काजळीने माखलेला पोशाख प्रतिष्ठेची खूण मानून मिरवण्याऐवजी तो तत्काळ धुणे आणि जवानाने लगेच स्नान करणे, ही शिस्त आता आवश्यक मानली जाते. डोळ्यांदेखत झालेले मृत्यू मनावर जो भार ठेवून जातात, त्याकडेही दुर्लक्ष होता कामा नये.

हा विषय व्यापारी पेठेपासून दूर नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशात १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. मे २०१५ मध्ये काळबादेवीतील एका जुन्या इमारतीला आग लागली. ती इमारत कोसळून मुंबई दलाच्या चार वरिष्ठ अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. कितीही सुदृढ देह अशा वेळी अपुरा पडतो. जवानाची सुरक्षितता तो ज्या वास्तूत शिरतो, त्या वास्तूवरही अवलंबून असते.

म्हणून त्याच्या आरोग्याचा काही भार दुकानदाराच्याही माथी आहे. जिन्यात रचलेली खोकी, पोटमाळ्यावर ठासून भरलेला माल, कुलूपबंद मागचे दार आणि कोरडी पडलेली पाण्याची टाकी यांमुळे जवानाचा आत घालवावा लागणारा वेळ वाढतो. त्याच्या श्वसनयंत्रातील हवा मोजकी असते, हृदयाची ताकदही मोजकीच असते. मोकळा ठेवलेला जिना या दोन्हींची बचत करतो. सप्ताहातील सत्काराचा हार त्याच दिवशी सुकतो. मोकळ्या जिन्याचा लाभ जवानाला ऐन संकटात होतो, आणि वर अडकलेल्या माणसालाही.