लोखंडाच्या सिंहासाठी शोक

'झॉइड्स' ही जपानी चित्रमालिका म्हणजे केवळ खेळण्यांची जाहिरात होय, असा आक्षेप आमच्या ऐकण्यात आला. तो अगदीच निराधार नाही. टोमी कंपनीची 'झॉइड्स' खेळणी १९८३ साली बाजारात आली. सदुसष्ट भागांची मालिका १९९९ साली निघाली. सुटे भाग मुलाने स्वतः जुळवावेत, किल्ली द्यावी आणि यंत्रपशूने डुलत चालू लागावे, असा तो मूळचा खेळ!

परंतु खेळण्यात मूल धनी असते. कथेत मात्र झॉइड हा जिवंत प्राणी आहे. मालिकेचा नायक व्हॅन आपल्या शील्ड लायगरला, त्या यंत्रसिंहाला, सवंगडीच मानतो. जेनोसॉररशी झुंजताना तो सिंह कोसळतो, तेव्हा लोखंडासाठी आम्हांस गहिवरून आले, हे कबूल केलेच पाहिजे.

मात्र पुढे तोच सिंह पाती लावून ब्लेड लायगर या नव्या रूपात उठतो, आणि त्या रूपाचेही खेळणे दुकानात हजर! येथे दुकानदाराने लेखकाचा हात धरला, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिंह मेलेलाच राहता, तर व्हॅनचे दुःख अधिक खरे ठरते. तरीही पुढील भाग आम्ही चुकविले नाहीत.