रीच पडणार, हे आधीच ठाऊक होतं

मेसमध्ये नवे लेफ्टनंट आले की त्यांच्या सामानातून कन्सोल निघतो आणि जेवणानंतर वाद पेटतो तो 'हेलो'वर. निवृत्त वाचकांसाठी सांगतो, हा फोनवरचा 'हॅलो' नव्हे. २००१ साली बंजी या कंपनीने आणलेला हा बंदुकीचा खेळ. काळ सव्विसाव्या शतकाचा, शत्रू परग्रहावरचा, नायक हिरव्या चिलखतातला मास्टर चीफ. त्याचे बरेच भाग निघाले, आणि त्यांच्या कथांबद्दल चाहत्यांची तीन मतं सतत कानावर येतात. मला त्यातलं एकही मान्य नाही.

पहिलं मत : गोळ्या झाडायच्या खेळात गोष्ट हवीच कशाला? अहो, साध्या गस्तीवर निघणाऱ्या जवानालाही आपण कशासाठी निघालो हे सांगावं लागतं. ब्रीफिंगशिवाय तुकडी बाहेर काढणाऱ्याला आपण अधिकारी म्हणत नाही. कारण ठाऊक नसेल तर उरतो तो फक्त नेमबाजीचा सराव, आणि त्यासाठी फायरिंग रेंज आहेच.

दुसरं मत २०१०च्या 'हेलो : रीच'बद्दल. रीच हा ग्रह पडणार हे आधीच्या कादंबरीमुळे सगळ्यांना माहीत होतं, मग त्यात राम काय? शिवाय नोबल टीमची माणसं 'उगाच' मरतात. जॉर्ज शत्रूच्या महाकाय जहाजावर थांबून स्वतःच्या हाताने बॉम्ब उडवतो आणि लगेच शत्रूचं अख्खं आरमार येऊन ठेपतं. कॅट आसऱ्याकडे धावत असताना दुरून एक गोळी येते आणि संपलं. ना शेवटचं भाषण, ना संगीताचा चढता सूर. चाहते म्हणतात, हे लेखन आळशी आहे.

मी म्हणतो, संपूर्ण मालिकेत खरं लिहिलेलं एवढंच आहे. खडकवासल्याच्या हट ऑफ रिमेंबरन्समध्ये ज्यांची नावं कोरली आहेत, त्यांतल्या किती जणांना शेवटचं वाक्य बोलायला सवड मिळाली असेल? युद्धात मरण पटकथा वाचून येत नाही. आणि शेवट ठाऊक असण्याचं म्हणाल, तर पावनखिंडीत बाजीप्रभू पडणार हे प्रत्येक मराठी पोराला ठाऊक असतं. म्हणून कोणी ती गोष्ट ऐकायची सोडली का? काय होणार यापेक्षा, ते ठाऊक असूनही कोण कशासाठी उभं राहिलं, हे आपल्याला ऐकायचं असतं. 'रीच'मध्ये 'पिलर ऑफ ऑटम' हे जहाज निसटावं म्हणून नोबल सिक्स मागे थांबतो. शेवटच्या टप्प्यात खेळाडूपुढे एकच आदेश असतो : तग धर. जिंकायची सोयच नाही. खिंड लढवणं म्हणजे हेच.

तिसरं मत : बंजीकडून मालिका ३४३ इंडस्ट्रीजकडे गेली, मास्टर चीफ भावुक झाला आणि कथा बिघडली. निदान चुकीचं आहे. सैनिक भावुक असतो, फक्त दाखवत नाही. बिघडलं ते वेगळ्या कारणाने. २०१२च्या 'हेलो ४'मधल्या मुख्य शत्रूचा, डायडॅक्टचा, पुढचा हिशेब कॉमिक्समध्ये चुकता केला गेला. २०१५च्या 'हेलो ५'मध्ये पंधरा मोहिमांपैकी मास्टर चीफच्या वाट्याला फक्त तीन आल्या. त्या खेळात उलटलेल्या कॉर्टानाचा पाडाव २०२१च्या 'इन्फिनिट'मध्ये आपण मैदानात उतरण्याआधीच उरकलेला असतो. ज्याने लढायचं, त्यालाच निर्णायक लढाईतून वगळलं. आणीबाणीच्या वेळी पलटणीला रजेवर पाठवून नंतर विजयाचं पत्रक वाचून दाखवावं, तसला हा प्रकार.

कोणी म्हणेल, खेळच तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? लावून घ्यायचं, कारण अकादमीत येणाऱ्या पोरांच्या डोक्यातलं युद्धाचं पहिलं चित्र आता पुस्तकातून कमी आणि पडद्यावरून जास्त येतं. मेलो तर मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू, हे पडदा त्यांना हजार वेळा शिकवतो. 'रीच' एकदा तरी सांगतं की माणूस जातो तो परत येत नाही, आणि त्याने सोपवलेलं काम मागे राहिलेल्याला पुरं करावं लागतं. म्हणून तरुण अधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे : खेळायचंच असेल तर आधी ते खेळा. आणि कॅट उगाच मेली असं वाटलं, तर जिने आपला माणूस सीमेवर गमावला आहे, अशा एखाद्या वीरपत्नीपुढे तो शब्द उच्चारून बघा.