गाव घेऊनच मुलाखतीला जावे

पदवीचा कागद हाती पडल्यानंतर मोठ्या हुद्द्याच्या पहिल्या मुलाखतीसाठी जो तरुण उंब्रजहून पुण्याच्या किंवा मुंबईच्या गाडीत बसतो, त्याच्या तयारीत एक विलक्षण गोष्ट आढळते. ती ही की, ज्या विषयांत तो खरोखर जाणता असतो, नेमके तेच विषय तो घरी ठेवून निघतो. कऱ्हाडात घेतलेले काळे बूट, कडक इस्त्रीचा फिकट निळा सदरा, प्लॅस्टिकच्या फाइलीत क्रमाने लावलेले जातीचे, अधिवासाचे आणि नॉन-क्रीमीलेअरचे दाखले, यांतले काहीही विसरत नाही. वडील जाता जाता बजावतात, "साहेब लोक विचारतील तेवढंच बोल. उगीच शहाणपणा करू नकोस." आणि मुलगा मान डोलावतो.

आता हा मुलगा जाणता कशात असतो, ते पाहावे. उंब्रज हे काही आडबाजूचे खेडे नव्हे. कऱ्हाड तालुक्यातले हे गाव पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेले आहे, तारळी नदी येथे कृष्णेला मिळते, पश्चिमेस चाफळ, कृष्णेपलीकडे मसूर, दक्षिणेस तासवड्याची औद्योगिक वसाहत आणि तिथला टोलनाका, आणि समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती खुद्द गावात. महामार्गावरचा पूल मातीच्या भरावाचा असावा की खांबांवर उभा, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत 'पारदर्शक', असावा, या प्रश्नावर गावाने निवेदने दिली, आंदोलने केली. भरावामुळे गावाचे दोन तुकडे पडतात, अलीकडच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक पलीकडे राहते, शाळेच्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना बोगद्यातून वळसा पडतो. उलट खांबांचा पूल महाग पडतो आणि तो खर्च मंजूर कोणी करावा यावर कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहतो. सार्वजनिक प्रशासनाच्या जाडजूड ग्रंथातही याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. उंब्रजचा कोणताही तरुण, बाजूने असो वा विरोधात, या विषयावर चहाच्या टपरीवर अर्धा तास सहज बोलू शकतो.

त्याचे ज्ञान एवढ्यावर संपत नाही. उसाला तोड मिळण्यासाठी कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे किती हेलपाटे घालावे लागतात, ऊस गाळपाला गेल्यावर चौदा दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे द्यावेत असे कायदा म्हणतो आणि प्रत्यक्षात बिल केव्हा जमा होते, तो दर साखरेच्या उताऱ्याशी कसा बांधलेला असतो, हे त्याने घरातल्या बोलण्यातूनच आत्मसात केलेले असते. आजोबा वारले तेव्हा वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे त्याच्याकडे, अर्ज घेऊन तोच गेला होता. फेरफाराची नोंद, हितसंबंधितांना नोटीस, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडल अधिकाऱ्याची मंजुरी, मग सातबाऱ्यावर नावे, ही सारी वाट त्याने पायांनी चाललेली असते. आणि चुलत्याने हरकत घेतली तेव्हा ती वाट कुठे अडली, हेही त्याला ठाऊक असते. हाच मुलगा उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार होण्यासाठी लोकसेवा आयोगापुढे बसणार असतो. आणि अर्जात छंदाच्या रकान्यात तो काय लिहितो? 'वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे.'

हे त्याला शिकवले कोणी? पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या आसपास जो मोठा व्यवसाय उभा राहिला आहे, त्याचा यात वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. पण सगळा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 'मॉक' नावाची जी रंगीत तालीम तिथे चालते, तीत उठणे-बसणे, नजर, आवाज, हात कुठे ठेवावेत, यांचे शिक्षण मिळते, आणि ज्याने कधी बंद खोलीत पाच अनोळखी वरिष्ठांसमोर तोंड उघडलेले नाही, त्याला ते उपयोगी पडते. घात होतो तो तयार उत्तरांनी. 'तुमच्या स्वभावातील उणीव कोणती?' या प्रश्नाला 'मी कामात फार बारकाईने लक्ष घालतो' हे एकच उत्तर दिवसभरात दहा उमेदवारांच्या तोंडून ऐकल्यावर मुलाखत मंडळावरच्या सदस्याने जांभई दाबली, तर तो दोष सदस्याचा म्हणता येईल काय? खाजगी कंपनीच्या मुलाखतीत तर 'मायसेल्फ अमुक तमुक, आय ॲम फ्रॉम उंब्रज' या वाक्याबरोबर जी घसरण सुरू होते, ती पाठ केलेला परिच्छेद संपेपर्यंत थांबत नाही.

पण मूळ याहून खोल आहे, आणि ते आपल्या घरांत आहे. वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने बोलू नये, विचारल्याशिवाय मत देऊ नये, स्वतःच्या कामाची स्वतः वाखाणणी करू नये, या संस्कारात वीस वर्षे वाढवलेल्या मुलाने एकविसाव्या वर्षी एका सकाळी अचानक साहेबांच्या नजरेला नजर देऊन 'मी हे केले' असे म्हणावे, ही अपेक्षा मुळातच विसंगत आहे. मुलींच्या वाट्याला तर ती दुहेरी विसंगती येते. घरी तिचे बोलणे आगाऊपणाचे ठरते, मुलाखतीत तिचे मौन आत्मविश्वासाच्या अभावाचे, आणि वर कोणीतरी तिला लग्नाचा विचार काय आहे म्हणून विचारतोच, जो प्रश्न तिच्या भावाला कोणी विचारीत नाही. विनय हा सद्गुण आहे याविषयी माझा वाद नाही. मात्र आपण ज्याला विनय समजून जोपासले, त्याचा पुष्कळसा भाग केवळ धास्तीचा होता, हे मान्य केल्याखेरीज या मुलांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

खुद्द मुलाखत घेणाऱ्यांचे म्हणणे काय, तेही पाहण्यासारखे आहे. संघ लोकसेवा आयोगाने आपल्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, ही चाचणी उलटतपासणी नसून उमेदवाराचे मानसिक गुण प्रकट व्हावेत अशा हेतूने चाललेले स्वाभाविक संभाषण आहे. नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ या संभाषणाला आहेत. आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेसाठी २०२५ पासून लेखी १७५० आणि मुलाखत २७५ हाच आराखडा स्वीकारला आहे. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने १९७६ मध्ये अहवाल दिला, तिच्या शिफारशींवरून १९७९ पासून परीक्षेची नवी रचना आली, भारतीय भाषांना तीत स्थान मिळाले, आणि आज दिल्लीतल्या त्या खोलीत मराठीत बोलण्याचा हक्क उमेदवाराला आहे. तरीही कित्येक मुले मोडक्या इंग्रजीत आपली बुद्धी अर्धी करून मांडतात. कारण मराठीत बोललो तर आपण कमी ठरू, अशी त्यांची समजूत कोणीतरी करून दिलेली असते.

मुलाखत ही जोखमीची वस्तू आहे, हे आपल्या न्यायालयानेही ओळखले आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांच्या संदर्भात अजय हासिया यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिथे लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवलेले. आणि तक्रार अशी की, प्रत्येक उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली, व तीत आईबाप कोण, राहणार कुठले, एवढेच विचारले गेले. एकतृतीयांश गुण असे वाटणे न्यायालयाला मनमानीचे वाटले, पंधरा टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीस ठेवू नयेत असे १९८० च्या त्या निकालात सांगितले गेले, शिवाय मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे अशीही इच्छा व्यक्त झाली. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क'च्या आणि गट 'ब'मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या. शिफारशीच्या चिठ्ठ्यांनी पोळलेल्या घरांना तो निर्णय दिलासा देणारा वाटला, आणि योग्यच वाटला.

असे असले तरी मुलाखत सर्वस्वी टाकाऊ आहे, असे मला वाटत नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी नोकरभरतीच्या पद्धतींवरील पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की, सर्व उमेदवारांना ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण दिलेली मुलाखत पुढच्या कामगिरीचा अंदाज बऱ्यापैकी देते. मनाला येईल ते विचारणारी मुलाखत त्या मानाने मागे पडते. आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून दाखवायला लावणे हे फार भरवशाचे. आपल्या भागाला हे कळण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज खरे तर नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत शिकवीत असता गोऱ्या रक्ताच्या माणसासाठी त्यांची बढती डावलली गेली, म्हणून ते ती नोकरी सोडून बेळगावास आले. आणि पुढे औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा आसपासच्या खेड्यांतल्या, पदवी तर सोडाच, शाळेचीही फारशी ओळख नसलेल्या माणसांना नांगर ओतायला शिकवले, आणि शिक्षा भोगून आलेल्यांना राखणीची कामे दिली. माणूस पारखण्याची ती रीत होती. तिला गुणपत्रिका लागत नव्हती.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी उंब्रजच्याच तालुक्यात, काले येथे, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 'कमवा आणि शिका' या योजनेने हजारो मुलांनी श्रमावर शिक्षण घेतले. त्या मुलांपाशी सांगण्याजोगे काम होते. आजच्या मुलांपाशीही आहे. सकाळी डेअरीत दूध घालून, फॅटची पावती घेऊन, मग कॉलेजची एस्टी धरणारी मुले आजही आहेत. पण ते काम म्हणजे ज्ञान आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

इथे एका धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण गाव घेऊन जा म्हटले की काही मुले गावाऐवजी गरिबीच घेऊन जातात. 'मी शेतकऱ्याचा मुलगा, फार हलाखीतून शिकलो' हे वाक्य आता इतके झिजले आहे की, त्याने मंडळ द्रवत नाही. आणि द्रवले तरी ती उमेदवाराची परीक्षा होत नाही, याचना होते. वडिलांनी कर्ज काढले, हे सांगण्यात सहानुभूती आहे. ते कर्ज विकास सोसायटीकडून मिळाले की सावकाराकडून, सोसायटीने किती एकरांवर किती पीककर्ज मंजूर केले, परतफेडीची तारीख उसाच्या बिलाशी का जुळत नाही आणि ती जुळवायची तर कोणता नियम बदलावा लागेल, हे सांगण्यात अधिकाऱ्याची दृष्टी आहे. पहिले उत्तर ऐकून सदस्य मान हलवतात. दुसरे ऐकून पुढचा प्रश्न विचारतात, आणि मुलाखत खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

मंडळांवर बसणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. 'वडील काय करतात?' हा प्रश्न सोपा म्हणून पहिला विचारण्याची खोड त्यांनी सोडावी. अजय हासियाच्या खटल्यातील तक्रार तीच होती. त्याऐवजी 'तुम्ही स्वतः केलेले एक काम सांगा, आणि ते कसे होते ते समजावून द्या' असे विचारले, तर कोथरूडची मुलगी आणि उंब्रजचा मुलगा एका पातळीवर येतात. तिने गृहनिर्माण सोसायटीच्या टँकरचा हिशेब सांगावा, त्याने फेरफाराचा.

राहिला प्रश्न तयारीचा. कऱ्हाड, सातारा, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) या गावांतल्या महाविद्यालयांनी याकरिता पुण्याहून व्याख्याते बोलावण्याची आवश्यकता नाही. निवृत्त मामलेदार, कारखान्याचे जुने शेती अधिकारी, जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले शाखाधिकारी, हे सगळे गावोगाव घरी बसलेले आहेत, आणि त्यांना बोलावले तर ते मानधनाची वाट पाहणार नाहीत. शनिवारी दुपारी त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर बसावे आणि मुलांनी त्यांना उसाचे बिल, वारसनोंद, नाहीतर महामार्गाचा पूल मराठीत समजावून सांगावा. मुलगा चुकेल. नोटिशीची मुदत तो चुकीची सांगेल, आणि मामलेदार त्याला तिथेच पकडतील. तेव्हा त्याने खाली मान घालू नये आणि थापही मारू नये. 'हे मला नक्की माहीत नाही सर, नियम पाहून सांगतो' एवढे सरळ म्हणावे आणि पुढच्या शनिवारी खरोखर पाहून यावे. खऱ्या मुलाखतीत हे वाक्य वापरण्याची पाळी एकदा तरी येतेच.