जुनं विमान, म्हणून कमी विमान?

विमानाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन चित्रं काढतो. आधी दोन मजली पंखांचं बायप्लेन, मग एकाच पंखाचं मोनोप्लेन. पहिलं जुनं, दुसरं सुधारलेलं. मुलं वहीत उतरवून घेतात, विषय संपतो. माझ्या मते धडा खरा इथून सुरू व्हायला हवा.

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधल्या रॅंस शहराजवळ विमानांच्या शर्यती भरल्या. महिनाभरापूर्वीच लुई ब्लेरिओने मोनोप्लेनमधून इंग्लिश खाडी ओलांडली होती. आता मैदानही त्याच्याच देशातलं. पण गॉर्डन बेनेट करंडक जिंकला अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने, तोही बायप्लेन घेऊन! २० किलोमीटरला त्याला जेमतेम १६ मिनिटं लागली आणि ब्लेरिओ मागे राहिला फक्त सहा सेकंदांनी. (वेग ताशी ७५ किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर आपली लालपरीही तेवढी पळते.)

बायप्लेनचे पंख उभ्या काठ्यांनी आणि तिरक्या तारांनी जोडले की रेल्वेच्या पुलासारखा सांगाडा तयार होतो. लाकूड हलकं, तरी पंख मजबूत. मोनोप्लेनचा पातळ पंख मात्र वरखाली तारांनी ताणून धरावा लागे. पण बायप्लेनची प्रत्येक काठी हवेला अडते, आणि वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. इंजिनं दणकट होत गेली तसं पारडं फिरलं. १९१० ते १९१३ हा करंडक दरवर्षी मोनोप्लेननेच नेला, शेवटच्या वर्षी तर ताशी २०० किलोमीटरने.

मग निकाल लागला म्हणायचा? छे! १९१२ मध्ये पंख मोडून अपघात होऊ लागले. पंखांतली कमजोरी खुद्द ब्लेरिओनेच सरकारला कळवली. फ्रेंच लष्कराने मोनोप्लेनची उड्डाणं काही काळ थांबवली, ब्रिटिश लष्करानेही बंदी घातली. १९१४ मध्ये मोनॅकोला श्नायडर करंडक पुन्हा सॉपविथच्या बायप्लेनने पटकावला. मोनोप्लेनचा पक्का जम बसला तो १९२६ पासून.

पालक विचारतील, हे परीक्षेला येणार का? बहुधा नाही. तरी एक तास काढाच. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी दोन टोकांवर ठेवून मध्ये खोडरबर ठेवा; ती वाकते. मग दोन पट्ट्यांमध्ये आगकाड्या उभ्या चिकटवा, तिरके दोरे ताणा आणि पुन्हा खोडरबर ठेवून बघा. त्यानंतर मुलांना विचारा, १९०९ साली तुम्ही कशात बसला असता?