आशांचा धनी कोण?

संसदेच्या जवळपास प्रत्येक अधिवेशनात एक प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे कधी भरणार, आशा सेविकांना किमान वेतन कधी मिळणार, असे खासदार विचारतात. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, असे आरोग्य मंत्रालय सांगते. घटनेतील राज्यसूचीचा आधार असल्याने हे उत्तर चूक नसते. पण अपुरे असते. कारण ज्या योजनेवर गावपातळीवरील आरोग्यसेवा उभी आहे, तिची चौकट दिल्लीतच ठरते.

१२ एप्रिल २००५ रोजी मनमोहन सिंग सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा, असे सूत्र ठरले. तिला ‘मानद स्वयंसेविका’ म्हटले गेले. पगाराऐवजी कामागणिक मोबदला मिळणार होता. ती सरकारची नोकर होण्यापेक्षा गावाची प्रतिनिधी राहावी, हा त्यामागचा युक्तिवाद तेव्हा अगदीच पोकळ नव्हता. मात्र पुढे लसीकरणापासून क्षयरोगापर्यंत आणि मधुमेह, रक्तदाबाच्या पाहणीपासून करोनापर्यंत प्रत्येक मोहिमेचे काम तिच्याकडे आले. आज देशात दहा लाखांहून अधिक आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. काम वाढले, मान वाढला. दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच राहिला.

नवजात बालकाच्या देखभालीचे उदाहरण बोलके आहे. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केलेली घरोघरी बालसेवेची कल्पना देशाने स्वीकारली. तिच्यानुसार रुग्णालयात बाळंतपण झाले, तर ४२ दिवसांत सहा गृहभेटी द्यायच्या. त्या पूर्ण झाल्या की मोबदला २५० रुपये. नियमित कामांसाठीचा केंद्राचा मासिक मोबदला २०१८ मध्ये एक हजारावरून दोन हजार झाला. तो साडेतीन हजारांवर नेण्याचा निर्णय मार्च २०२५ मध्ये झाला. राज्ये यात आपापल्या कुवतीने भर घालतात. महाराष्ट्राने आंदोलनानंतर मार्च २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ मान्य केली. काम तेच, मोबदला मात्र राज्याची सीमा ओलांडली की बदलतो.

केरळमध्ये या व्यवस्थेचे अंतरंग उघड झाले. १० फेब्रुवारी २०२५ पासून तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर आशांच्या एका संघटनेने साडेआठ महिन्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. राज्य सरकार केंद्राकडे बोट दाखवत होते आणि केंद्र राज्याकडे. अन्य राज्यांत आशांसाठी मोर्चे काढणारे डावे पक्ष तेव्हा तेथे सत्तेवर होते आणि त्यांना हे आंदोलन अडचणीचे वाटत होते. विरोधात असताना सहानुभूती आणि सत्तेत आल्यावर तिजोरीची सबब, याला कोणताही पक्ष अपवाद नाही. योजनांवरील अशा कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने मे २०१३ मध्येच केली होती. तेव्हा केंद्रात काँग्रेसप्रणीत आघाडी होती. पुढच्याच वर्षी भाजपप्रणीत आघाडी आली. घोंगडे मात्र भिजतच राहिले.

आशांच्या वरच्या पायरीवरही चित्र फारसे वेगळे नाही. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. दरमहा २५ हजार रुपये मानधन आणि कामगिरीनुसार कमाल १५ हजार, असे त्याचे सूत्र होते. रक्कम बरी असली तरी नेमणूक प्रामुख्याने कंत्राटी होती. पुढची पायरी दिसत नसेल, तर कायम परिचारिका पदाची जाहिरात निघताच असा कर्मचारी अर्ज करणारच. त्याला ध्येयशून्य म्हणणे सोपे आहे. पण कंत्राटाच्या मुदतीपुरता विश्वास दाखवणाऱ्या सरकारने आयुष्यभराच्या निष्ठेची अपेक्षा का करावी?

शाश्वती दिली की माणसे टिकतात, हे सरकारी यंत्रणेला ठाऊक नाही असे नाही. तामिळनाडूने सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा मार्ग धरला. असा निर्णय घेण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केला. दुर्गम भागातील काही वर्षांच्या सेवेनंतर विशेषज्ञ होण्याची वाट खुली होणार असेल, तर तरुण डॉक्टर त्या सेवेकडे शिक्षा म्हणून पाहत नाही. आशेला परिचारिका होण्यासाठी किंवा कंत्राटी अधिकाऱ्याला कायम सेवेत येण्यासाठी अशी हमीची वाट देशभर आखावी, असे मात्र दिल्लीला वाटलेले नाही.

म्हणूनच मोबदला किती वाढला, एवढेच विचारून खासदारांनी थांबू नये. त्या वाढीचे स्वागत करावे. परंतु गावात रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी धावणारी स्त्री कोणाच्या सेवेत आहे, हा मूळ प्रश्न आहे. निकष केंद्राचे, हजेरी राज्याची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, ही सोय दोन्ही सरकारांना मानवते. तिची किंमत मात्र रिकाम्या उपकेंद्राच्या दारातून परतणाऱ्या रुग्णाला मोजावी लागते.