नॅनो कापडाचा कच्चा माल सरकीवरच, पण भाव कापसाला मिळेल का?

केंद्राने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून माफ केले आणि ती सवलत पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये होता, तरी खुल्या बाजारावर या निर्णयाचे दडपण आले. अशा वेळी ‘स्मार्ट कापड’, ‘नॅनो कापूस’ अशा बातम्या मोबाईलवर फिरू लागल्या, की घाटनांदूर-अंबाजोगाई पट्ट्यातला कापूस उत्पादक साहजिकच विचारतो : यात आमचे काय?

स्मार्ट कापड म्हणजे घाम, ताप, नाडीचे ठोके ओळखणारे किंवा जंतू रोखणारे, ऊन अडवणारे कापड. हे गुण अतिसूक्ष्म कणांच्या लेपामुळे येतात. जंतू रोखण्यासाठी चांदीचे कण बरेच वापरले जातात, पण धुण्यात ते सुटून सांडपाण्यात जातात. त्या सांडपाण्याचा गाळ शेतात आला, तर मातीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही चांदी सोडत नाही. म्हणून पर्यावरणपूरक पर्याय शोधले जात आहेत. कडुनिंबाच्या अर्कात बनवलेले झिंक ऑक्साइड त्यापैकीच एक. माझ्या मते इथे थोडे सावध राहावे. बनवण्याची पद्धत हिरवी असली म्हणून धुऊन निघालेले झिंक कुजून जात नाही. नॅनोसेल्युलोजचे तसे नाही. तो मुळात वनस्पतीचाच तंतू असल्याने मातीत कुजतो.

आणि तो कापसापासूनच निघतो. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था (सिरकॉट) 1924 पासून काम करते. तिथे 2015 मध्ये नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला, क्षमता दिवसाला सुमारे 10 किलो. कच्चा माल म्हणजे लिंटर, जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू. कापडाच्या लेपात, कागदात, वाहक थर बसवण्यासाठी लागणाऱ्या पातळ पापुद्र्यात हे नॅनोसेल्युलोज वापरता येते.

आता हिशेब पाहा. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई आणि 64 किलो सरकी निघते. सरकीवर 5 टक्के लिंटर धरले तर हाती येते जेमतेम 3 किलो. म्हणजे प्रक्रियेतली घट धरूनही असा प्रकल्प एक दिवस चालवायला चार-पाच क्विंटल कापसाची सरकी पुरे! एवढ्या मागणीने मोंढ्यातला भाव हलणार नाही, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

खरी अडचण मधल्या टप्प्यावर आहे. आपल्याकडच्या बहुतांश तेल गिरण्या सरकी लिंटर आणि टरफलासकट दाबतात. त्यामुळे हा तंतू पेंडीबरोबर जनावरांच्या गव्हाणीत जातो, काही तेलही पेंडीत अडकते. आधी लिंटर काढून, टरफल वेगळे करून सरकी दाबली तर तेल जास्त निघते, पेंड चांगली मिळते आणि लिंटर वेगळा विकता येतो. लिंटरला औषधी कापूस आणि सेल्युलोज उद्योगात आजही गिऱ्हाईक आहे. नॅनोसेल्युलोज हे त्यात पडणारे आणखी एक गिऱ्हाईक, एवढेच. पण लिंटर काढणारी यंत्रे एकट्या शेतकऱ्याला परवडत नाहीत आणि कापूस विकला की सरकीही त्याच्या हातून जाते. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनीने कापूस गोळा करून जिनिंग भाड्याने करून घ्यावे आणि सरकी स्वतःकडे ठेवावी. असे गट उभे करण्यात विस्तार कर्मचाऱ्यांनी लक्ष घालावे. अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत सिरकॉटच्या नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्राशी संपर्क साधता येईल. सरकीची जमवाजमव होण्याआधी यंत्रासाठी कर्ज काढू नये.

शेतावर करण्यासारखे जुनेच आहे. वेचणी सुती कापडाच्या झोळीत करा, प्लॅस्टिक गोण्यांचे धागे कापसात जाऊ देऊ नका. हे धागे रंग धरत नाहीत, लेपही नीट घेत नाहीत. कापूस वाळवूनच न्या. खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांपुढे ओलावा असेल तर दर कमी होतो, 12 च्या पुढे माल नाकारला जातो.

‘नॅनो कापसाचे वाण’ म्हणून कोणी बियाणे विकायला आले तर घेऊ नका. नॅनो ही कारखान्यातली प्रक्रिया आहे, बियाण्याचा गुण नव्हे.